गाडी बंद पडण्याआधीच टोइंगवाला ठरवून ठेवा : नाशिककरांसाठी

जुलैतली रात्र, साडेअकरा वाजलेले. कसारा घाट चढून आलेली माझी ऑटोमॅटिक हॅचबॅक घोटीच्या अलीकडे गरम होऊन बंद पडली. गाडीत आई आणि बायको, बाहेर इगतपुरीकडचा तो न थांबणारा पाऊस. मोबाइलवर टोइंग शोधलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर फिरवला. "अर्ध्या तासात पोचतो शेठ." दोन तासांनी आला. फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर चढवून नेणारी सपाट गाडी, आणतो म्हणाला होता, आणली हुकाची क्रेन. गाडीचं तोंड रेलिंगकडे होतं, म्हणून त्यानं ती मागून उचलली आणि पुढची चाकं रस्त्यावर ठेवून पाथर्डी फाट्यापर्यंत तीसेक किलोमीटर ओढत आणली. फोनवर ठरलेला आकडा गॅरेजच्या दारात दीडपट झाला. पैसे दिल्याशिवाय गाडी खाली उतरेना.

सकाळी मिस्त्रीनं गाडीखाली वाकून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "ही ओढत आणली का?" बंद पडायचं कारण होतं कूलंटचा फुटलेला पाइप. तो काही शे रुपयांचा. गिअरबॉक्सचं बिल किती आलं ते मी अजून आईला सांगितलेलं नाही.

त्या माणसाला शिव्या घालून झाल्यावर लक्षात आलं की, रात्री साडेअकराला, पावसात, सोबत म्हातारं माणूस असताना कोणीही घासाघीस करत नाही आणि चौकशीही करत नाही. ही चौकशी दुपारी घरात बसून, चहा पीत करायची असते. त्यानंतर मी ती केली. पुढचं सगळं त्यातूनच आलेलं आहे.

आधी आपली गाडी समजून घ्या

टोइंगवाल्याला फोन करण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे हवं: इंजिनाची ताकद कुठल्या चाकांना जाते? आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. बऱ्याच जुन्या दणकट एसयूव्ही आणि व्हॅन मागच्या चाकांवर, तर काही चारही चाकांवर. नियम सोपा आहे. ज्या चाकांना ताकद जाते ती चाकं रस्त्यावर घासत न्यायची नाहीत. पुढच्या चाकांची गाडी पुढून उचलली तर चालतं. मागून उचलली की माझ्यासारखं होतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप सहसा इंजिनावर फिरतो. इंजिन बंद, पंप बंद, आणि आतले भाग मात्र चाकांबरोबर कोरडेच फिरत राहतात. न्यूट्रलला टाकली म्हणून ते वाचत नाहीत.

चारही चाकांवर चालणारी गाडी, इलेक्ट्रिक गाडी आणि हायब्रिड यांना एकच उपाय: चारही चाकं वर, म्हणजे फ्लॅटबेड. इलेक्ट्रिक गाडीची मोटर चाकांशी जोडलेली असते. चाकं फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार करू लागते. बॅटरी संपली आहे, जरा ओढून नेऊ, हा विचारही करू नका.

गाडीचं माहितीपुस्तक हाती लागलं तर त्यात दोन गोष्टी शोधून ठेवा. एक, टोइंगचा हुक. तो बहुधा स्टेपनीजवळ टुलकिटमध्ये पडलेला असतो आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून आट्यात फिरवून बसवायचा असतो. दुसरं, बॅटरी पूर्ण उतरली तर गिअर पार्कमधून न्यूट्रलला कसा आणायचा. अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरच्या दांड्याजवळ त्यासाठी एक लपवलेलं बटण असतं. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर तो बॅटरीशिवाय सुटत नाही, तेव्हा जम्प स्टार्टची, म्हणजे दुसऱ्या बॅटरीवरून वीज देण्याची, सोय असलेलाच टोइंगवाला बोलवावा लागतो.

मग पॉलिसी काढा

पुष्कळ लोक टोइंगचे पैसे खिशातून देतात आणि आठवड्यानंतर कळतं की रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे रस्त्यात बंद पडल्यावरची मदत, पॉलिसीतच होता. नवी गाडी असेल तर कंपनीचाही असतो. दोन्ही तपासा आणि त्यातल्या अटी वाचा. किती किलोमीटरपर्यंत मोफत? वर्षात किती वेळा? आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी नेणार कुठे? बहुतेकांच्या अटीत "जवळचं अधिकृत वर्कशॉप" असतं. चांदवडच्या पुढे गाडी बंद पडली तर त्यांच्या हिशोबानं जवळचं म्हणजे मालेगाव असू शकतं, आणि तुमचा ओळखीचा मिस्त्री असतो सातपूरला. वरच्या किलोमीटरचे पैसे भरून नाशिकला आणता येईल का, हे आधीच विचारून घ्या.

हे ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घेतलेलं कवच, नसलं तरी अपघातात नुकसान झालेली गाडी हलवण्यासाठी साध्या सर्वसमावेशक पॉलिसीतही थोडी तरतूद असते: खासगी कारला १,५०० रुपयांपर्यंत आणि दुचाकीला ३०० रुपयांपर्यंत. आजच्या भाड्यात त्यातून फार काही भागत नाही, पण पावती असेल तर सोडायचे कशाला? नुसत्या बिघाडाला मात्र ते लागू नाही.

दोन-तीन नंबर, दिवसाउजेडी

सुरुवात मोबाइलपासून करू नका, मिस्त्रीपासून करा. ज्या गॅरेजमध्ये रोज दोन गाड्या लादून येतात त्याला नक्की माहीत असतं की कोण गाडी नीट आणतो आणि कोण बंपर मोडून आणतो. द्वारका, मुंबई नाका, अंबड, सातपूर या भागांतल्या दोन-तीन गॅरेजवाल्यांना एकच प्रश्न विचारा: "स्वतःची गाडी बंद पडली तर कोणाला बोलवाल?" एखादं नाव दोनदा आलं की ते लिहून घ्या. जड वाहन असेल तर आडगावच्या ट्रक टर्मिनलला चौकशी करा. ट्रकचं टोचन आणि कारचं टोइंग हे दोन वेगळे धंदे आहेत आणि कारवाल्यानं हायड्रा (जड सामान उचलणारी क्रेन) बोलावण्यात काही अर्थ नसतो.

मग प्रत्येकाला फोन लावा. त्यात काय विचारायचं?

पहिलं, गाडी तुमची स्वतःची का? मोबाइलवर झळकणारे कित्येक नंबर हे मधल्या माणसाचे असतात. तो तुमच्याकडून एक आकडा घेतो, कुणा गाडीवाल्याला दुसरा सांगतो, आणि फरकाची वसुली तुमच्या गॅरेजच्या दारात होते. "तुमचं यार्ड कुठे आहे?" असं विचारलं की खरा माणूस ताबडतोब चौक, पेट्रोल पंप, खूण सांगतो. मधला माणूस "नाशिकमध्ये सगळीकडे सर्व्हिस आहे" म्हणतो.

दुसरं, कुठली गाडी आहे? फ्लॅटबेड, पुढची किंवा मागची दोन चाकं उचलणारी अंडरलिफ्ट, की नुसता हुक आणि साखळी? व्हॉट्सॲपवर फोटो मागा, नंबर प्लेट दिसेल असा. तो नंबर सरकारच्या एमपरिवहन ॲपमध्ये टाकला की विमा आणि फिटनेस चालू आहे का ते दिसतं. ज्याच्या स्वतःच्या गाडीचा विमा संपलेला आहे त्याच्या पाठीवर आपली गाडी का द्यायची? बेड किती लांब आहे तेही विचारा. सात सीटची लांब गाडी छोट्या बेडवर मागून लटकते.

तिसरं, भाडं. इथे एक आकडा विचारू नका, हिशोब विचारा. साधारण रचना अशी असते: ठरावीक अंतरापर्यंतचं किमान भाडं, त्यापुढे दर किलोमीटरचा दर, वरून टोल. पण खरी गोम तपशिलात असते. किलोमीटर कुठून मोजता, तुमच्या यार्डापासून की माझ्या गाडीपासून? रिकामं येण्याचे पैसे धरलेत का? रात्रीचा वेगळा दर आहे का, किती वाजल्यापासून? घाटाचं जादा आहे का? थांबावं लागलं तर तासाला किती? चाक जाम असेल किंवा गाडी चारीत गेली असेल तर विंचनं, म्हणजे तार गुंडाळत ओढणाऱ्या यंत्रानं, ओढून काढण्याचे किती? याला ते लोक "रिकव्हरी" म्हणतात, आणि सगळ्यात जास्त भांडणं याच शब्दावर होतात. "टोइंग सांगितलं होतं शेठ, रिकव्हरी वेगळी," हे वाक्य मी रस्त्यावर उभं राहून ऐकलेलं आहे.

सगळ्यांना एकच काल्पनिक फेरी द्या म्हणजे तुलना करता येईल: "रात्री बाराला इगतपुरीहून सातपूर, ऑटोमॅटिक कार, फ्लॅटबेड, सगळं धरून किती?" इगतपुरी नाशिकपासून पंचेचाळीसेक किलोमीटर, त्यामुळे किमान भाडं आणि किलोमीटरचा दर दोन्ही त्यात उघडे पडतात. सगळ्यात स्वस्त आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. मधला आकडा सांगून न विचारता टोलचा उल्लेख करणारा माणूस मला बरा वाटतो.

चौथं, गाडी बांधता कशी? चांगला माणूस म्हणेल, चाकांवरून पट्टे. साखळी थेट सस्पेन्शनच्या आर्मला किंवा बंपरला अडकवणारा नको.

पाचवं, बिल देता का? पक्कं बिल, गाडी नंबर, कुठून-कुठे आणि किलोमीटर लिहिलेलं. क्लेम करायचा तर हा कागद लागतोच.

यातून निघालेले दोन नंबर फोनमध्ये तर ठेवाच, शिवाय कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाका. मोबाइलची बॅटरी आणि गाडीची बॅटरी एकाच दिवशी मरण्याची सवय असलेल्यांसाठी हे सांगतोय.

बंद पडलीच, तर

आधी माणसं, मग गाडी. हॅझार्ड लाइट लावा, जमेल तेवढं डावीकडे घ्या, मागे पन्नास मीटरवर आणि महामार्गावर त्याहून लांब लाल त्रिकोण ठेवा. माणसांना गाडीत किंवा गाडीमागे थांबवू नका, रेलिंगच्या पलीकडे उभं करा. त्या रात्री आईला आत बसवून ठेवलं होतं, पाऊस लागू नये म्हणून. आज तसं करणार नाही. पावसात मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला उभी गाडी नीट दिसत नाही.

मुंबई, धुळे किंवा पुण्याकडच्या राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ लावा. ही राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची चोवीस तासांची मदत आहे. त्यांची क्रेन तुम्हाला घरी सोडायला नसते. रस्ता मोकळा करून गाडी सुरक्षित जागी लावणं हे तिचं काम. तेवढंही खूप असतं, पुढचं टोइंग मग निवांत ठरवता येतं. समृद्धी महामार्ग मात्र राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा, त्यामुळे तिथे त्यांचाच मदत क्रमांक चालतो. आत शिरताना दिसला की फोटो काढून ठेवा. कोणी जखमी असेल तर १०८ आणि ११२ आधी, बाकी सगळं नंतर. अशा अपघातात पोलीस येऊन पाहीपर्यंत, वाहतुकीला धोका नसेल तर, गाडी हलवू नका. हलवावीच लागली तर आधी चारही बाजूंनी फोटो काढा, रस्त्यावरच्या खुणांसकट. विमा कंपनीलाही गाडी उचलण्याआधीच कळवा.

बाजूला येऊन आपणहून "करून देतो" म्हणणारा क्रेनवाला भेटला तर घाई करू नका. वाईटच असेल असं नाही, पण हेच सगळे प्रश्न त्यालाही विचारा आणि आकडा ठरल्याशिवाय हुक लावू देऊ नका. एकदा हुक लागला की आपली बाजू लंगडी.

नेटवर सापडलेल्या नंबरनं आधी लिंक पाठवून पाच-दहा रुपयांची "नोंदणी" भरायला सांगितली, किंवा एखादं ॲप उतरवायला सांगितलं, तर फोन ठेवा. तो टोइंगवाला नाही. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर लगेच तक्रार करा.

फोनवर काय सांगायचं

नाशिकमध्ये "हायवेवर आहे" या सांगण्याला काही अर्थ नाही. शहरातल्या उड्डाणपुलावर आहात की खालच्या सर्व्हिस रोडवर, हे सांगितलं नाही तर टोइंगवाला तुमच्या डोक्यावरून निघून जातो आणि मग लांबून वळून परत येतो. कसारा घाटात चढणारा आणि उतरणारा रस्ता वेगळा आहे; कुठल्या बाजूला आहात ते आधी सांगा. लाइव्ह लोकेशन पाठवाच, पण घाटात नेट जातं म्हणून किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, जवळचं हॉटेल किंवा पंप, आणि तोंड कुणीकडे, हे बोलूनही सांगा. नवरात्रात सप्तशृंगी गडावर गाडी अडकली तर वेगळीच गंमत: पायथ्याच्या नांदुरीपासून वर खासगी वाहनं सोडत नाहीत, तेव्हा बंदोबस्तावरच्या पोलिसांशी आधी बोलून मगच टोइंगवाल्याला निघायला सांगा.

मग गाडीची हकिगत: मॉडेल, ऑटोमॅटिक की मॅन्युअल, चाकं फिरतात का, स्टिअरिंग लॉक आहे का, बॅटरी जिवंत आहे का, किल्ली आहे ना. यावरून तो काय घेऊन निघायचं ते ठरवतो. शेवटी ठरलेला आकडा, "फ्लॅटबेड" हा शब्द आणि उतरवायची जागा व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि त्याच्याकडून "ओके" घ्या. मी त्या रात्री हा एक "ओके" घेतला असता तर बरंच काही वाचलं असतं.

काही अडचणीच्या जागा

गंगापूर रोड, इंदिरानगरकडच्या इमारतींच्या बेसमेंटमध्ये फ्लॅटबेड शिरत नाही, उंचीच पुरत नाही. तिथून गाडी रॅम्पवर ओढूनच आणावी लागते. चाक जाम असेल तर चाकाखाली सरकवायच्या छोट्या ट्रॉल्या लागतात. त्या आहेत का, ते विचारा. भद्रकाली, सराफ बाजार, पंचवटीतल्या बोळांतही तेच. तिथे पहाटे लवकर बोलावणं सगळ्यात शहाणपणाचं.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाकाठच्या पार्किंगमधल्या गाड्या बुडतात. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं हे अख्खं शहर बघायला जातं, आणि बघायला जाताना लावलेली गाडीच कधी कधी अडकते. पाण्यात बुडालेली गाडी चुकूनही सुरू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, आतला कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हे नुकसान इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन नसेल तर विमा कंपनी बहुतेक वेळा नाकारते. पाणी कुठवर आलं होतं त्या रेषेचा फोटो काढा, शक्य असेल तर बॅटरी सोडवा, आणि टोइंगवाल्याला "बुडालेली आहे, स्टार्ट मारायची नाही" असं स्पष्ट बजावा. काही जणांना बेडवर चढवायला सोपं पडतं म्हणून चावी फिरवून बघायची खोड असते.

दुचाकीला छोटा हत्ती पुरतो. उभी बांधायची, स्टँडवर टाकून नाही. पट्टे हँडलच्या टोकाला नकोत, खाली फोर्कच्या जोडापाशी घ्यायचे.

आणि दोरीचं टोचन. मित्राची गाडी आहे, दोर आहे, विल्होळीहून तर आणायचीय, असं म्हणून आपण सगळ्यांनीच हे केलंय. कायद्यानं ओढल्या जाणाऱ्या गाडीत लायसन्सवाला माणूस हवा, दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको आणि दोर लांबून दिसायला हवा. पण कायद्यापेक्षा मोठी अडचण ब्रेकची. इंजिन बंद असलं की ब्रेकला मिळणारी मदत बंद होते, दोनदा पाय मारल्यावर पेडल दगडासारखा होतो, स्टिअरिंगही जड. ऑटोमॅटिक असेल तर दोर विसरा. मॅन्युअल असेल तर गल्लीतून कोपऱ्यापर्यंत ठीक, महामार्गावर अजिबात नाही.

चढवताना आणि उतरवताना

चढवण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारून व्हिडिओ काढा. चारही बाजू, चाकं, बंपरची खालची कड, मीटरवरचं रीडिंग. टोइंगची गाडी आणि तिचा नंबरही त्यात येऊ द्या. पैसे, कागद, लॅपटॉप, देवाची मूर्तीसुद्धा काढून घ्या. चावी लागते म्हणून फक्त गाडीची द्या, घराची जुडगी काढून.

विंच लावताना हुक कुठे अडकवतोय ते बघा. बंपर खाली असलेल्या गाड्यांना बेडवर चढताना खाली फळ्या लावायला सांगा, नाहीतर पुढचा ओठ खरवडतो. चढल्यावर हँडब्रेक ओढलाय का, चारही चाकांना पट्टे आहेत का, हे तुम्हीच बघायचं. ड्रायव्हर वैतागेल. वैतागू द्या.

एक छोटी गोष्ट मला पुढे एका टोइंगच्या वेळी कळली. तुमची गाडी बेडवर असते आणि काचेवरचा फास्टॅग जिवंत असतो. टोल नाक्यावर तो वाचला गेला तर पैसे तुमच्याही खात्यातून जातात आणि त्याच्याही. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल टॅगवर आतून चिकटवा, काम होतं. विसरलात तर मेसेज जपून ठेवा आणि टॅग दिलेल्या बँकेकडे तक्रार टाका.

शक्य असेल तर कोणीतरी मागे किंवा सोबत जा. रात्री गॅरेज बंद असेल तर गाडी कुठे उतरणार, वॉचमन आहे का, हे निघतानाच ठरलेलं हवं. नाहीतर ती टोइंगवाल्याच्या यार्डात जाते आणि सकाळी "ठेवण्याचे" पैसे नव्यानं निघतात. उतरल्यावर पैसे देण्याआधी मोबाइलच्या उजेडात तोच व्हिडिओ उघडून पुन्हा एक फेरी मारा. नवा ओरखडा दिसला तर तिथल्या तिथे बिलावर लिहून त्याची सही घ्या. सर्वसमावेशक पॉलिसीत रस्त्यानं वाहून नेताना झालेलं नुकसानही धरलेलं असतं, पण ते तेव्हाच झालं हे दाखवायला हा कागद लागेल.

मी आता ज्याला बोलावतो त्याचं यार्ड आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. पहिल्यांदा दुपारी चौकशीचा फोन केला तेव्हा त्यानंच उलट मला विचारलं होतं, "ऑटोमॅटिक आहे का साहेब? मग आधी सांगा, मोठी गाडी पाठवतो."